गेंडा गेला, शिंग राहिलं

संघाचा पहिला गेंडा मालकांच्या मेव्हण्याने काढला. मेव्हण्याने जन्मात गेंडा पाहिला नव्हता, पण म्हैस पाहिली होती आणि मालकांना नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे त्या पहिल्या बोधचिन्हातल्या गेंड्याला म्हशीची शेपटी, गाढवाचे कान आणि कपाळाच्या मधोमध एक शिंग होतं. तो मागच्या दोन पायांवर उभा होता, पायांत बूट होते. पुढच्या एका पायाने त्याने बास्केटबॉल काखेत धरला होता. दुसऱ्या पायाचं काय करायचं हे सुचेना, म्हणून मेव्हण्याने तो काढलाच नाही. असा हा तीन पायांचा गेंडा तोंडभर हसत होता. कशाला हसतोय हे कोणालाच कळत नव्हतं, कारण त्या वर्षी संघ एकही सामना जिंकला नाही.

पुढे संघ विकला गेला. नवे मालक म्हणाले, हसरा प्राणी हरतो. मग गेंड्याला भुवया लावल्या. गेंड्याला भुवया नसतात, पण त्यांच्याशिवाय राग दाखवायचा कसा? नाकपुड्यांतून वाफ काढली, शेपटी आखूड केली आणि राहून गेलेला चौथा पायही जोडून टाकला. संघ आता रागारागाने हरू लागला. तिसऱ्या मालकांनी धड उडवलं. गोलात नुसतं डोकं उरलं, आणि इतकी वर्षं डावीकडे बघणारा गेंडा उजवीकडे बघायला लागला. भविष्य उजवीकडे असतं, असं कोणीतरी मालकांना पटवून दिलं होतं.

ही तिन्ही चित्रं कपडे बदलायच्या खोलीकडून कोर्टकडे जाणाऱ्या बोळात ओळीने टांगलेली होती. प्रत्येक सामन्याला त्यांच्यासमोरून आतला जायचा.

आतला म्हणजे गेंड्याच्या आतला. संघाकडे गेंड्याचा एक पोशाख होता, राखाडी, जाडजूड, स्पंजाचा, आणि तो घालून प्रेक्षकांत नाचायचं, पडायचं, पंचांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची, हे त्याचं काम. स्टेडियममध्ये सगळे त्याला आतला म्हणत. खरं नाव त्याच्या ताईला ठाऊक होतं आणि ती ते फोनवर रागावतानाच वापरायची. बोधचिन्हातलं धड गेलं तरी पोशाखाचं धड वाचलं होतं, कारण नुसतं डोकं कोर्टभर फिरवणार कसं, याचं उत्तर कोणाला सापडलं नव्हतं.

या धंद्याचा एक नियम असतो. आत माणूस नसतो. पोशाखात असताना बोलायचं नाही, खोकायचं नाही, जीव गेला तरी लोकांसमोर डोकं काढायचं नाही. आतल्याला हे जड गेलं नाही. पोशाखाबाहेरही तो फारसा नव्हताच. एक खोली, एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. शेजारी त्याला जिन्यात भेटत तेव्हा थोडं बाजूला सरकून वाट देत, आणि त्यांच्या मते हा झाला शेजारधर्म.

गेंड्याला डोळे होते, पण ते रंगवलेले. बघायचं ते जबड्याच्या फटीतून, आणि फट खाली झुकलेली. त्यामुळे आतल्याला माणसं फक्त गुडघ्याखाली दिसत. संघाचे खेळाडू, प्रशिक्षक, निवेदक, रोजचे प्रेक्षक, सगळ्यांना तो बुटांवरून ओळखायचा. मॅनेजर एकदा रस्त्यात समोरून आला तर आतल्याने आधी खाली पाहिलं आणि मग नमस्कार केला. मॅनेजरने नवे बूट घेतले त्या आठवड्यात आतला त्याला ओळख न देताच गेला, आणि मॅनेजरने ते मनाला लावून घेतलं.

गेंड्याला मिठ्या पुष्कळ मिळत. पोरं धावत येऊन गुडघ्याला बिलगायची आणि घाबरून पळायची. मोठी माणसं फोटोपुरती मारायची. तशी मिठी लगेच कळते, तिचं अर्धं अंग कॅमेऱ्याकडे असतं. पण एक जोड होती निळ्या कॅनव्हासच्या बुटांची. डाव्याची नाडी पांढरी, उजव्याची पिवळी, चवडे जरासे आत वळलेले, पाऊल लहान. सामना संपून गर्दी पांगली की ते बूट बोळाच्या तोंडाशी यायचे, गेंड्यासमोर थांबायचे आणि मग दोन हात गेंड्याभोवती पडायचे. बोलणं नाही, फोटो नाही. एक लांब श्वास सुटेपर्यंत ती मिठी टिकायची. मग पाठीवर दोन थापा, आणि बूट निघून जायचे.

गेंड्याची कातडी चांगली वीतभर स्पंजाची होती. पण तेवढ्यातूनही काहीतरी आत पोचायचं, हे आतला शपथेवर सांगू शकला असता. फक्त विचारणारं कोणी नव्हतं.

त्या बुटांवर त्याने हळूहळू एक बाई उभी केली. आधी तिला चष्मा दिला, मग तो बरा दिसेना म्हणून काढून घेतला. तिला शाळेत भूगोल शिकवायला लावलं. एक मांजर दिली, पण मांजर घरात असेल तर ती मिठी मारायला इथवर कशाला येईल, हे लक्षात आल्यावर मांजरही काढून घेतली. एकटीच बरी, असं त्याने ठरवलं. नंतर त्याला फार अपराधी वाटलं.

ताईचा फोन आठवड्यातून एकदा यायचा.

"जेवलास का?"

"हो."

"खोटं बोलतोयस. बरं, तुझं पुढे काय ठरलंय? का गेंड्यातच म्हातारा होणार?"

"ताई, एक जण आहे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. ताई बसली असावी.

"काय करते?"

"बहुतेक भूगोल शिकवते."

"बहुतेक म्हणजे? विचारलं नाहीस?"

"मला बोलायची परवानगी नाही."

"दिसायला कशी आहे?"

आतल्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "पाय लहान आहेत."

ताईने पलीकडे भांडं पुन्हा उचललं. मग म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात येते." गेली काही वर्षं ती पुढच्याच महिन्यात येत होती.

एकदा मात्र घात झाला. मिठी चालू असतानाच आतल्याला शिंक आली. त्याने ती दाबायचा जंग जंग प्रयत्न केला, पण शिंक ती शिंक. गेंडा आतून हादरला. हात एकदम सुटले. बूट मागे सरले आणि भराभर निघून गेले. पुढच्या दोन सामन्यांना ते आलेच नाहीत. आतल्याला वाटलं, आपली सर्दी तिला लागली. ती अंथरुणात पडून असेल, पाणी द्यायलाही कोणी नसेल, आणि मांजर तर आपणच काढून घेतली. तिसऱ्या वेळी बूट पुन्हा आले तेव्हा त्याने श्वासच रोखून धरला.

मग चौथे मालक आले. त्यांनी बाहेरून एक डिझायनर बाई बोलावल्या. बाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं, पडद्यावर जुने तीन गेंडे दाखवले आणि प्रत्येकापुढे थोडी हळहळ व्यक्त केली.

"प्रत्येक वेळी आपण काहीतरी कमी केलं," त्या म्हणाल्या. "शेपटी गेली, धड गेलं. पण आपण धीर सोडला. शेवटपर्यंत गेलो नाही."

मग पडद्यावर चौथं चित्र आलं. एक शिंग. नुसतं. खाली रुंद, वर निमुळतं, किंचित वाकलेलं.

हत्ती गेला नि शेपूट राहिलं असं लोक म्हणतात, पण ते कोणी मुद्दाम करत नाही.

"गेंडा कुठे आहे?" मॅनेजरने विचारलं.

"गेंडा आहेच. आता तो दिसत नाही, इतकंच. शिंग म्हणजे गेंड्याचं सार. वरचं टोक म्हणजे ध्येय. खालचा रुंद भाग म्हणजे चाहते. आणि हा बाक म्हणजे नम्रता."

"आमच्या संघाची?"

"तुमच्या संघाला ती आहेच," बाई म्हणाल्या. त्यांनी गेल्या वर्षीचे निकाल पाहिले होते.

आतला मागच्या खुर्चीवर होता. त्याने हात वर केला. "आणि पोशाख?"

पोशाख पंधरवड्यात आला. तो उतरवायला दोन माणसं लागली. माणसाहून उंच, पांढरं, कडक स्पंजाचं शिंग. खालून आत शिरायचं, मागच्या बाजूला चिकटपट्टीची फट, आत खांद्यांवर घ्यायचे दोन पट्टे. जुना गेंडा पोत्यात भरून तळघरात कुलपाआड गेला, कारण जुनं चिन्ह नव्याबरोबर लोकांच्या दृष्टीस पडता कामा नये, असा नवा नियम होता. शिंगाखालून पाय बाहेर निघत, तेही घोट्यापुरते. हातांना जागा नव्हती.

"साहेब, हात हवेत," आतला मॅनेजरला म्हणाला.

"कशाला?"

"मिठी मारायला."

"शिंगाला हात नसतात."

"शिंगाला पायही नसतात. मी चालतोयच की."

"म्हणून तर सांगतोय, कमी चाल."

त्याने डिझायनर बाईंनाही फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, हात न देणं हा फार विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. शिंगाभोवतीची मोकळी जागा हीच त्याची मिठी. लोकांनी ती मनातल्या मनात मारावी.

"मनातल्या मनात मारलेली कळते का?" आतल्याने विचारलं.

बाईंना तो प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो लिहून घेतला.

पहिल्या सामन्याला शिंग बोळातून डुगडुगत बाहेर आलं. मग एका पोराने विचारलं, "बाबा, तो दात आहे का?" बाबांना गाजराचा संशय होता. कोणी म्हणालं तंबू, कोणी म्हणालं रस्ता खोदल्यावर ठेवतात ते. दुसऱ्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरने संघाकडे जाहिरातीची चौकशी केली, आणि मालकांनी ती विचारात घेतली.

पण आतल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शिंगातली बघायची फट वर होती, आणि सरळ होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला प्रेक्षकांना तोंडं असल्याचं दिसलं. केवढी तोंडं. निवेदक टकला होता, त्याच्या बुटांवरून तो कधीच टकला वाटला नव्हता. प्रशिक्षक सतत नखं खात होता. आणि या सगळ्या तोंडांत कुठेतरी ती असणार होती, पण फटीतून तिचे पाय दिसत नव्हते. पूर्वी पाय दिसायचे, तोंड नाही. आता सगळ्यांची तोंडं होती आणि ओळखीचं एकही नव्हतं.

सामना संपल्यावर तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. माणसं समोरून जात राहिली. चष्मेवाली एक बाई थबकली. आतला आतल्या आत हसला. तिने शिंगाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाली, "काय एकेक काढतात," आणि गेली. भूगोलाची वाटावी अशी एक होती, पण तिच्याबरोबर नवरा आणि तीन पोरं होती. कोणी थांबलं नाही. पुढच्या सामन्यालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. एकदा एक माणूस जवळ आला तो पाठ टेकायला. शिंगाला टेकून त्याने फोनवर कोणालातरी झापलं आणि निघून गेला. आतला तेवढा वेळही हलला नाही.

"तुझ्या त्या भूगोलाचं काय झालं?" ताईने फोनवर विचारलं.

"दिसत नाही हल्ली."

"तूच जाऊन भेट की. तुला कोणी बांधून ठेवलंय?"

खांद्यांना पट्टे होते खरे, पण ते ताईला कसं सांगणार.

शेवटी उपाय निघाला तो वेगळ्याच गरजेतून. एका सामन्याच्या मध्यंतरात आतल्याला मुतारीला जाणं भाग होतं. एरवी शिंगासकट बोळात जावं लागे, पण त्या दिवशी बोळात दुसऱ्या संघाचं सामान आडवं पडलं होतं. त्याने शिंग कोपऱ्यात भिंतीला लावलं, मागची चिकटपट्टी हळूच उघडली आणि तो भिंत आणि शिंग यांच्या मधून सटकला. परत आला तर शिंग उभं होतं. दोन पोरी त्याच्यासोबत फोटो काढत होत्या. निवेदक माइकवर म्हणत होता, "आज शिंग भलतंच रंगात आलंय." टाळ्या पडल्या.

आतला हे बघत उभा राहिला. काम गेलं म्हणून रडावं की सुटलो म्हणून हसावं, हे त्याला ठरवता येईना. शिंगाला त्याची गरज नव्हती. कधीच नव्हती. पण मग त्यालाही शिंगात असायची गरज नव्हती, आणि बूट वर कुठेतरी प्रेक्षकांत असले तर खाली बघायला त्याला कोण अडवणार होतं?

पुढच्या सामन्याला खेळ सुरू झाल्यावर त्याने शिंग कोपऱ्यात लावलं आणि साध्या कपड्यांत तो प्रेक्षकांत गेला. खालच्या रांगेपासून सुरुवात केली. मान खाली, एकेक रांग, एकेक पाय. लोक पटापट पाय वर घेत होते. त्यांना वाटलं झाडणारा आलाय. एका काकूंनी तर पायाखालचा कागद उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला.

चार-पाच रांगा झाल्यावर पहारेकऱ्याने हटकलं.

"काय शोधताय?"

"बूट."

"हरवलेत?"

"माझे नाहीत."

"मग कोणाचे?"

"तेच शोधतोय."

पहारेकऱ्याने डोळे बारीक केले, आतल्याच्या हातातला कागद पाहिला आणि हा नक्की कर्मचारीच असणार असं समजून सोडून दिलं. इतकं मूर्ख उत्तर बाहेरचा माणूस देत नाही.

सगळ्यात वर, खांबाच्या मागे, जिथून अर्धंच कोर्ट दिसतं तिथे बूट होते. निळे. डावी नाडी पांढरी, उजवी पिवळी. चवडे आत वळलेले. आतल्याचे कान गरम झाले. त्याने नजर सावकाश वर नेली, कारण इतकी वर्षं थांबल्यावर घाई शोभत नाही. मोजे. राखाडी पँट. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीवर दोन हात, अंगठ्याला सुईने टोचून टोचून झालेला घट्टा. मग शर्ट, मग पांढरी होत आलेली बारीक मिशी.

आतल्याने पुन्हा खाली पाहून बूट तपासले. बूट बरोबर होते. माणूस चुकला होता.

"बसा की," मिशीवाले गृहस्थ म्हणाले. "खुर्ची मोकळीच आहे. इथे कोणी बसत नाही, खांब येतो."

आतला बसला. भूगोलाच्या बाईंनी उठून, काही न बोलता, वर्गाचा दिवा बंद केला आणि त्या निघून गेल्या. त्यांना थांबा म्हणायचाही काही मार्ग नव्हता.

"तुम्ही नेहमी येता का, काका?" त्याने विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"येतो. घरी बसून करायचं काय? शिंपीकाम करतो मी. दुकान चौकात आहे, पण घर अगदीच शांत आहे हो. मुलगी लांब असते. ही गेली त्याला झाली बरीच वर्षं."

"बास्केटबॉल आवडतो?"

"छे. मला नियम कळत नाहीत. हा संघ नेहमी हरतो, एवढं कळतं." काका खांबाच्या कडेने वाकून खाली बघू लागले. "खरं सांगू का, मी गेंड्यासाठी यायचो."

आतल्याने हातातला कागद घडी करायला घेतला.

"हसू नका," काका म्हणाले.

"नाही हसत."

"दिवसभर लोकांची मापं घेतो मी. छाती, खांदा, बाही. शंभर जणांना हात लावतो, पण ते टेपचं लावणं. मला कोणी लावत नाही. का लावतील? मग एकदा इथे आलो, सामना संपला, तो गेंडा बोळापाशी हात पसरून उभा होता. समोर कोणी नव्हतं. मला वाटलं, बिचारा. गेलो. मग जातच राहिलो." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून बोललो."

"मग आता?"

"आता काय, गेंडा गेला. तिथे ते उभं केलंय. बघा."

खाली कोपऱ्यात शिंग उभं होतं. जवळून जाणाऱ्या एका खेळाडूने त्याच्या टोकावर टॉवेल अडकवला होता.

"काका," आतला म्हणाला. "गेंड्याच्या आत माणूस असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल."

"असतोच की. मी काय लहान आहे?" काका जरा चिडले. "पण ते ठाऊक असणं वेगळं. एकदा तो आत शिंकला. काय सांगू तुम्हाला, मला इतकी लाज वाटली. म्हटलं अरे, हा कोणीतरी आहे. कोणाचातरी मुलगा असेल, भाऊ असेल, आणि आपण आपले भर स्टेडियममध्ये परक्या माणसाच्या गळ्यात. दोन सामने आलोच नाही. मग मनाची समजूत घातली. गेंडा शिंकला असेल. गेंडेही शिंकत असतील." ते हसले. "आत कोणी आहे असं पुन्हा एकदा जरी जाणवलं असतं ना, तर माझा पाय उचलला नसता."

खाली कोणीतरी चेंडू टाकला, तो कड्यावर गरगर फिरला आणि बाहेर पडला. सगळ्या स्टेडियमने एकदम उसासा सोडला. संघ नेहमीच्या सवयीने हरत चालला होता.

सांगायचं वाक्य तयार होतं. मीच तो, काका. तीन शब्द. त्याने ते तोंडात घोळवून पाहिले. ते बोलले की काय होणार, हेही त्याला दिसत होतं. काका आधी पांढरे पडतील, मग लाल, मग पिशवी उचलून, माफ करा हं, म्हणतील. मग चौकातल्या त्या दुकानासमोरून जायचीही चोरी.

"त्या शिंगापाशी नाही का जात?" त्याने विचारलं.

"त्याला हात नाहीत. आणि आत कोणी असेल तर? गेंड्याचं निदान तोंड तरी होतं, त्याच्याकडे बघून आतला माणूस विसरता यायचा. याला तोंडच नाही. मग आतल्याचाच विचार येणार."

"त्याच्या आत कोणी नाही," आतला म्हणाला.

"हं?"

"शिंगात. कोणी नाही आत. मी इथेच काम करतो, मला माहीत आहे. ते तिथे नुसतं उभं करून ठेवतात. पोकळ आहे."

"मग ते चालतं कसं? मी पाहिलंय चालताना."

"आधी चालायचं. आता बंद केलं."

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. शिंप्याची नजर; खांद्याचा उतार बघतात तशी. आतला समोर खांबाकडे बघत राहिला. "खरंच कोणी नाही?"

"आईशप्पथ."

सामना संपला. माणसं उठून दारांकडे निघाली. काका जागचे उठले नाहीत; गर्दी पांगायची वाट बघत होते. आतला त्यांचा निरोप घेऊन मागच्या जिन्याने भराभर खाली उतरला. शिंग कोपऱ्यातून काढून, बाजूला बघत, ढकलत ढकलत बोळाच्या तोंडाशी आणून उभं केलं. टोकावरचा टॉवेल काढला. मागची चिकटपट्टी उघडली आणि एक पाय आत घातला.

आत ओळखीचा स्पंजाचा वास होता. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, श्वास रोखायचा. हे सगळं त्याला येत होतं. यात तर त्याचा हात कोणी धरला नसता. काकांना कळलंही नसतं. बाहेर स्टेडियम रिकामं होत होतं आणि वरच्या जिन्यावरून कोणीतरी हळूहळू उतरत होतं.

त्याने पाय बाहेर काढला. चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत दाबून बंद केली आणि तो बोळात, पोछ्याच्या बादलीशेजारी, भिंतीला लागून उभा राहिला.

काका आले. आधी इकडे तिकडे पाहिलं. मग शिंगाच्या अंगावर, दारावर टकटक करावी तसं, वाकड्या बोटाने वाजवलं. कान लावला. आणखी एकदा वाजवलं. पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात शिंगाभोवती घातले. हात पुरेनात, तसं त्यांनी गाल टेकवला. खांदे एकदा वर गेले आणि खाली आले.

आतल्याने हे बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून ते फार वेळ चालत नाही.

मग दोन थापा पडल्या. काका पिशवी उचलून वळले तर बोळात तो दिसला. ते जरा ओशाळले, पण थांबले.

"तुम्ही म्हणालात ते खरंच," ते म्हणाले. "कोणी नाही."

"नाहीच."

"बरं आहे तसं. गेंड्याची सर नाही, पण बरं आहे." ते दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. "बाही आखूड होतेय तुमची. दुकानात या कधी. दुमड सोडून लांब करून देतो."

"येईन," आतला म्हणाला.

ते गेल्यावर पहारेकऱ्याने एका बाजूचे दिवे मालवायला सुरुवात केली. आतल्याने शिंगाला कवेत घेतलं, कारण ते उचलायची दुसरी काही सोय नव्हती, आणि बोळातून, तीन गेंड्यांच्या समोरून, ते खोलीकडे ओढत नेलं. आत असताना ते कधी एवढं जड वाटलं नव्हतं.